न्हाणीचे पाणी फ्लशला द्या. जुन्या सोसायट्यांनाही वाट दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च संपत आला की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांत किती टीएमसी पाणी उरले याचे आकडे पुण्यातल्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. ते वाचले की सोसायटीची सचिव या नात्याने माझा पहिला फोन टँकरवाल्याला जातो. मग सभासदांच्या ग्रुपवर ‘पाणी जपून वापरा’ असा निरोप. गेली कित्येक वर्षे हेच करत आले. या पत्रात मात्र मला एवढेच सांगायचे आहे की, पिण्याचे पाणी संडासात ओतणे थांबवता येते आणि आमच्यासारख्या जुन्या इमारतीतही ते जमते.

शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी लागते असे नियोजनात धरतात. त्यातले 45 लिटर फ्लशचे, म्हणजे तिसरा हिस्सा. धरणातून आणायचे, जलशुद्धीकरण केंद्रात गाळायचे, क्लोरीन घालायचे, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे आणि मग कमोडमध्ये सोडून द्यायचे! त्याच वेळी शेजारच्या न्हाणीघरातून आंघोळीचे तेवढेच, किंबहुना जास्तच, पाणी गटारात जात असते.

माझे माहेर लातूरचे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या सुट्टीत मी मुलांना घेऊन आईकडे होते. आई नातवंडांना मोठ्या टबात उभे करून दोन तांब्यांत आंघोळ घालायची. टबातले ते पांढुरके, साबणाचा वास असलेले पाणी ती बादलीत काढून संडासाच्या दाराशी ठेवायची. चांगल्या पाण्याची बादली संडासात नेलेली तिला चालत नसे. माझ्या धाकट्याने एकदा नळाखालची भरलेली बादली उचलली, तेव्हा तिने त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि काही न बोलता टबाकडे बोट दाखवले. पुण्यात परतल्यावर फ्लशचे बटण दाबताना मला कितीतरी दिवस तिचे ते बोट आठवायचे.

यात नवे काही नाही, हेही सांगायला हवे. मोरीच्या तोंडाशी अळू, केळ, कर्दळ लावण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. वापरलेल्या पाण्यालाही घरात जागा होती. फ्लॅटमध्ये आलो, परसू गेले आणि ती जागाही गेली.

आता आमच्या इमारतीविषयी. 1980 च्या दशकातले बांधकाम, चार मजले, 24 सदनिका. त्या काळच्या बऱ्याच इमारतींसारखे आमच्याकडेही दोन वेगळे पाइप खाली येतात. संडासाचा पाइप थेट चेंबरला, तर न्हाणीघरांचा पाइप नहाणी ट्रॅपपासून, म्हणजे न्हाणीच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यापासून, निघून खाली गल्ली ट्रॅपला, म्हणजे गटाराला मिळण्याआधीच्या वास अडवणाऱ्या कुंडीला. हे आमच्या जुन्या प्लंबरकाकांनी डक्टमध्ये उभे राहून हाताने दाखवले तेव्हा कुठे उजेड पडला. मैला आणि आंघोळीचे पाणी बांधणाऱ्याने आधीच वेगळे ठेवलेले! भिंती फोडायला नकोत. गल्ली ट्रॅपच्या आधी पाइप वळवला की झाले.

आम्ही एका बाजूच्या 12 सदनिकांपुरते हे केले. वळवलेले पाणी आधी जाळीतून जाते; केस आणि साबणाच्या चिपट्या तिथेच अडकतात. मग खडी आणि वाळूतून गाळून ते खालच्या झाकणबंद टाकीत येते. तिथे टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा दिली की अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ते गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत चढवतो. तिथून निघालेली नवी लाइन फक्त फ्लशच्या टाक्यांना जोडलेली आहे. खालची टाकी भरली की जादा पाणी आपोआप गल्ली ट्रॅपमध्ये. माणशी 45 लिटर आणि घरटी चार माणसे धरली तर या 12 सदनिकांचे दिवसाला दोन हजार लिटरहून अधिक पाणी वाचते. दहा हजार लिटरचा एक टँकर पाच दिवसांत कमी.

पहिल्या महिन्यात मात्र फजिती झाली. फ्लश केला की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. सभासद चिडले आणि ते रास्तच होते. शोध घेतला तेव्हा दोन कारणे निघाली. एका सदनिकेने नूतनीकरणात स्वयंपाकघराचे सिंक न्हाणीच्या पाइपला जोडले होते, त्यामुळे तेल-खरकटे टाकीत येत होते. शिवाय सुट्टीत लोक गावी गेले तेव्हा पाणी तीन दिवस तसेच पडून राहिले. आंघोळीचे पाणी 24 तासांपेक्षा जास्त साठवायचे नाही, हा धडा तेव्हा मिळाला. सिंकचा पाइप आता वेगळा केला आहे आणि टाकी रोज रात्री रिकामी होते. साबणाच्या थरामुळे फ्लशच्या टाकीतले वॉशर लवकर जातात, तो खर्चही धरून चालावा.

सर्वांत मोठी काळजी घ्यायची ती वेगळीच. ही लाइन पिण्याच्या लाइनला कुठेही जोडली जाता कामा नये. वरची टाकी रिकामी पडली तर आम्ही तिच्यात वरून, मोकळ्या नळाने चांगले पाणी सोडतो. नळ आणि पाणी यांत वीतभर अंतर राहते, त्यामुळे उलट्या प्रवाहाची भीती नाही. पाइपला वेगळा रंग दिला आहे आणि दर मजल्यावर ‘पिण्यासाठी नाही’ असे लिहिले आहे.

नव्या मोठ्या प्रकल्पांना सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट असते. ती हवीच. पण माझा भाऊ राहतो त्या संकुलात सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प आहे, फ्लशसाठी वेगळी लाइनही आहे आणि तिच्यात पाणी टँकरचे सोडले जाते. विजेचे बिल परवडेना, चालवणारा माणूस टिकेना म्हणून यंत्रणा बंद. भोगवटा पत्र दिल्यावर पुढे दरवर्षी ती चालते का, हे कोणी पाहायचे? आणि आमच्यासारख्या जुन्या, लहान इमारती या अटीत येतच नाहीत. या शहरात त्या हजारोंनी आहेत.

महापालिकेला माझी विनंती आहे की जुन्या इमारतींसाठी एक साधा, मान्य नकाशा काढावा: टाकी केवढी, गाळणी कशी, टीसीएल किती, नळ आणि पाण्यात अंतर किती. आम्हाला हे सगळे विचारत-चुकत शिकावे लागले. परवानाधारक प्लंबरना हे काम शिकवावे. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारणासाठी मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत मिळते, तशी ती या कामालाही मिळावी, पण दरवर्षी प्रत्यक्ष पाहणी करूनच. यंत्रणा बंद दिसली तर सवलतही बंद.

दुसऱ्या बाजूच्या 12 सदनिकांचे काम आम्ही पावसाळ्याआधी हाती घेत आहोत. खालची टाकी आणि वाळूची गाळणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता उघडून धुतो. आसपासच्या सोसायट्यांचे पदाधिकारी त्या वेळी येऊन पाहतात, प्लंबरकाकांनाही तेव्हाच गाठतात. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातूनही कोणी यावे, ही आमची इच्छा आहे.

आपली,
एका जुन्या सोसायटीची सचिव, सिंहगड रस्ता, पुणे