टेम्सखालचं अस्तर

लंडन,
रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

धरणाच्या भिंतीचं ग्राउटिंग, म्हणजे भेगांत सिमेंटचा रस भरणं, झालं आणि ओल दहा हात पलीकडे निघाली, हे वाचून हसू आलं. रागावू नकोस. आपल्या मळ्यातली विहीर आठवली. आबांनी हौसेनं आतून सिमेंटचा गिलावा केला, पाण्याला वाट म्हणून एक भोकही ठेवलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात गिलाव्याला पोट सुटलं आणि एका सकाळी सगळा पापुद्रा धपकन विहिरीत!

काल वॉपिंग स्टेशनवर मुद्दाम उतरलो. फलाट इतका अरुंद, की गाडी आली की माणूस आपोआप भिंतीला चिकटतो. टोकाला गेलं की दोन कमानी शेजारी-शेजारी दिसतात. ब्रुनेल या इंजिनिअर बापलेकांचा टेम्स नदीखालचा बोगदा तो हाच. १८२५ ला सुरू, १८४३ ला खुला. जेमतेम चारशे मीटरला अठरा वर्षं! ३६ कप्प्यांचा लोखंडी सांगाडा पुढे सरकवायचा, प्रत्येक कप्प्यात एक माणूस समोरची माती खोदणार, मागून गवंडी विटांची कमान बांधत येणार. तरी नदी पुन्हापुन्हा आत घुसली. १८२८ च्या जानेवारीत सहाजण गेले, धाकटा ब्रुनेल थोडक्यात वाचला.

पुढे १८६९ पासून आतून आगगाड्या. विटा बिचाऱ्या गळतच राहिल्या. १९९५ मध्ये बोगदा बंद करून आतून शॉटक्रीट, म्हणजे जोरानं फवारलेलं काँक्रीट, मारायचं ठरलं, आणि काम सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी त्याला वारसा म्हणून संरक्षण मिळालं! इंजिनिअरांचे चेहरे कसे झाले असतील, तूच सांग. विटा झाकायच्या की जपायच्या, हे भांडण पोरखेळाचं नव्हतं. अस्तर जाड केलं की पोकळी घटते, गाडी काही बारीक होत नाही. आणि विटा एकदा झाकल्या की पुन्हा दिसत नाहीत. शेवटी एका टोकाचा छोटा तुकडा उघडा ठेवून बाकीच्याला मूळ घाट सांभाळत नवं अस्तर दिलं. १९९८ ला गाड्या पुन्हा सुरू झाल्या.

मी तिथे असतो तर सरळ झाकायच्या बाजूनं बोललो असतो. विटांवर प्रेम आहे, पण डोक्यावर नदी आहे. काल मात्र खिडकीला नाक लावून तो उघडा तुकडा शोधत होतो. गाडी सुसाट निघाली, काळोखात माझंच तोंड दिसलं.

तुझ्या नव्या ओलीभोवती खडूनं रेघ मार, शेजारी तारीख लिही. रेघेबाहेर सरकली तर लगेच फोटो पाठव. आणि बुजवायच्या आधी पाण्याला वाट ठेव रे बाबा, आबांसारखं करू नकोस.

तुझा,
दिन्या