मॅडम, तुम्ही अण्णांचा पाय मांडीवर घेतलात

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या पायाची पट्टी परवा कायमची सुटली. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं म्हणतोय, पण लिहायला बसलं की गळा दाटून येतो.

अण्णांनी चाळीस वर्षं कोल्हापुरी चपला केल्या. किती लोकांचे पाय त्यांनी कागदावर ठेवून मापले असतील! पण मधुमेहानं स्वतःच्या तळव्याची जाणीव कधी गेली ते त्यांना कळलंच नाही. अंगठ्याखाली फोड आला, फुटला, चिघळला. सात महिने आम्ही दवाखाने पालथे घातले. एकानं गोळ्या बदलल्या, दुसऱ्यानं आणखी भारी दिल्या, तिसऱ्यानं टेबलापलीकडनंच "अंगठा काढावा लागेल" म्हणून सांगितलं. पट्टी सोडून नीट बघितलं नाही एकानंही. मला आजही त्याचा राग येतो. जखमेला वास यायचा म्हणून अण्णा पायावर टॉवेल टाकून बसायचे, नातवंडांना जवळ येऊ द्यायचे नाहीत.

तुमच्याकडेही ते तसेच बसले होते. तुम्ही हातमोजे घातलेत, सरळ खाली फरशीवर बसलात, टॉवेल बाजूला केलात आणि "मामा, द्या पाय हिकडं" म्हणत तो पाय मांडीवर घेतलात. तोंड फिरवलं नाहीत. अण्णा माझ्याकडं बघायला लागले आणि त्यांचे डोळे भरले. जन्मभर दुसऱ्यांचे पाय हातात घेतलेल्या माणसाचा पाय त्या दिवशी कुणीतरी हातात घेतला होता.

मग तुम्ही विचारलंत, "रांजणाच्या आतनं बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ना? नुसतं पाणी बदलून ते जातं का?" जखमेतही तसाच थर बसलाय, त्याला बायोफिल्म म्हणतात, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जंतू एकमेकांना धरून राहतात, स्वतःभोवती साखर आणि प्रथिनांचा चिकटा तयार करतात. औषध वरच्यावर अडतं, आणि तळाशी काही जंतू इतके सुस्त पडून असतात की वाढणाऱ्या जंतूंना मारणारं औषध त्यांचं काहीच करू शकत नाही. सुट्या जंतूंना पुरतो त्याच्या शेकडो पट डोसही तिथं कमी पडू शकतो. सात महिने गोळ्या का लागू पडल्या नाहीत, त्याचं उत्तर त्या रांजणात होतं.

"म्हणजे आधी तासायचं. रापीनं कातडं तासतो तसं," अण्णा म्हणाले. "अगदी तसंच मामा," तुम्ही म्हणालात. साफ केलेला थर दोन-तीन दिवसांत पुन्हा धरतो, म्हणून वरचेवर यायचं, हे मग त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. एवढ्या पावसातसुद्धा त्यांनी एक ड्रेसिंग चुकवलं नाही.

नंतर मी वाचलं की लेव्हेनहूक नावाच्या डच कापड व्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांवरची कीट भिंगाखाली बघितली होती. व्हिनेगरनं थराच्या बाहेरचे जीव मरतात, आतले जगतात, हे त्याचं निरीक्षण 1684 साली छापून आलंय. सव्वातीनशे वर्षांहून जुनी गोष्ट! ती आमच्यासारख्यांना समजेल अशा शब्दांत सांगायला कुणालाही पाच मिनिटं पुरली असती. मॅडम, तुमच्या दारात तर रोज रांग असते, तरी ती पाच मिनिटं तुम्हीच दिलीत. शिकलेल्या माणसानं समोरच्याला अडाणी न समजणं ही फार मोठी माणुसकी आहे. अशी माणसं आहेत म्हणूनच गरीब माणूस दवाखान्याची पायरी चढतो.

आता अण्णा रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून छोट्या आरशात तळवा बघतात. धाकटी नात टॉर्च धरते. तुम्ही दिलेली एमसीआर म्हणजे मऊ रबराची चप्पल घालूनच ते चप्पल लाईनला जातात. जुन्या मित्रांनी विचारलं, "अण्णा, आपली सोडून ही कसली?" तर ते एवढंच म्हणतात, "मॅडमनी सांगितलंय."

आपला ऋणी,
अण्णांचा थोरला