आधी पाचवं वचन वाच

आदरणीय सिस्टरमावशी,

सप्रेम सलाम.

तुमच्या दारात उभं राहून आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "प्रभूचे मान, माझे कशाला" म्हणालात आणि चहा टाकायला आत निघून गेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं भांडण चार भिंतींच्या आत राहिलं नव्हतं. प्रार्थनाविनंती म्हणून मीच ते घरोघर नेलं होतं. तेव्हा आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत.

पप्पांना अर्धांगवायू झाला आणि ते सहा वर्षं अंथरुणाला खिळून राहिले. पहिल्याच पावसाळ्यात त्यांना कमरेखाली बेडसोर झाला. तुम्हाला नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते, तरी रोज सकाळी आमचा जिना चढून ड्रेसिंगला यायचात. एके दिवशी जखम वरून सुकलेली दिसली म्हणून मला आनंद झाला. तुम्ही कडेला बोटानं हलकं दाबून पाहिलंत. "कातडी मिटली म्हणजे बरं झालं असं नसतं. आत पोकळी आहे. जखम तळापासून भरत आली पाहिजे," म्हणालात. मग सलाईननं धुऊन ओली गॉज आत अलगद सरकवलीत आणि तोंड उघडंच ठेवलंत. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, हे सगळं तुम्हीच शिकवलंत. वेळ चुकू नये म्हणून एक वही करायलाही तुम्हीच सांगितलंत. त्या वहीकडे मी पुढे येतोच.

या सहा वर्षांत भाऊ बाहेरगावी होता. दारू, उसनवारी, मग फोन बंद. पप्पा गेले तेव्हा मातीलासुद्धा तो पोचला नाही. पाच महिन्यांनी एक बॅग घेऊन दारात उभा राहिला. मी त्याला बाहेरची खोली दिली, जेवण दिलं, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यानं घरातल्या वाट्याचं नाव काढलं तेव्हा मला खात्रीच पटली की आमचं घर मोडायला सैतान आत शिरलाय. मी मनापासून तसं मानत होतो. दर शुक्रवारी उपवास धरला, घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांत, कॉटेज मीटिंगमध्ये, रडून प्रार्थना केल्या, आणि "प्रभू, या घरातल्या सैतानाला बांध" म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर नेमकी ती बाहेरची खोली यायची.

मग तो रविवार आला. प्रभुभोजनाला मी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले होते. शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. पाहिलं तर भाऊ. मी उठलो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. हातावर भाकर घेतली, पेल्यातून प्यालो, जागेवर परत आलो, आणि मला काहीही टोचलं नाही. त्या दिवसाचं मला आज सर्वांत जास्त भय वाटतं ते याचंच.

तुम्ही मागच्या बाकावरून ते पाहिलं होतं, हे मला मंगळवारी कळलं. उपवास-प्रार्थनेला तुम्ही आमच्या घरी यावं, म्हणून मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही स्वयंपाकघरात ताटात तांदूळ निवडत होतात. माझं सगळं ऐकून घेतलंत आणि मान वर न करता म्हणालात, "बायबल घे. पहिलं पेत्र, पाचवा अध्याय."

पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या त्या अध्यायातलं आठवं वचन मला पाठ होतं. "तुमचा शत्रू सैतान हा गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावे हे शोधत फिरतो." मी आठव्यापासून सुरुवात केली. तुम्ही थांबवलंत. "वरून ये. आधी पाचवं वचन वाच."

"देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो."

"इथं विरोध कोण करतंय?"

"देव."

"बाळा, सिंह परवडला. त्याला अडवा म्हणून पुढंच लिहिलंय, आणि याकोब म्हणतो, अडवलं की तो पळतो. पण देवच समोर उभा राहिला तर तू कुठं जाणार आहेस?"

रेल्वे फाटकावरून गाडी जात होती. ती संपूर्ण जाईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ताटातला एक खडा काढून कडेला ठेवलात.

मावशी, माझं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी, पुण्यात पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात झाला. ख्रिस्ती माणसाचे तीन शत्रू, जग, देह आणि सैतान, हे मी त्याच्या तयारीच्या वर्गात शिकलो होतो. आयुष्यभर त्यातला तिसरा तेवढा मी लक्षात ठेवला, कारण तो बाहेरचा आहे आणि त्याच्यावर ओरडता येतं. तुम्ही सैतान नाकारला नाहीत, हे इथं मुद्दाम लिहितो, कारण काही जणांनी तुमच्याबद्दल तसा गैरसमज करून घेतला आहे. तुम्ही एवढंच विचारलंत की दाराची कडी आतून कुणी काढली. आणि इफिसकरांच्या पत्रातला चौथा अध्याय उघडून दाखवलात: सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा, आणि लगेच पुढच्या वचनात, "सैतानाला वाव देऊ नका." वाव आपण देतो. माझ्या घरात सूर्य पाच महिने मावळत होता. आपल्या आजूबाजूची माणसं षड्रिपू म्हणतात, ते सहाही माणसाच्या आतलेच आहेत. मद हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण तो दारू पिणाऱ्याच्या अंगी असतो असं मला वाटायचं. मिळकतीचा दहावा भाग, दशांश, देवाला देणाऱ्याला, उपवास धरणाऱ्याला, बापाची शी-शू काढणाऱ्याला तो चढू शकतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ते दुसऱ्यांसाठी ऐकलं असेल.

मग तुम्ही वही मागितलीत.

ती मी पुरावा म्हणून जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी आणून दिली. तुम्ही भिंग घेऊन खिडकीशी बसलात आणि पान पान वाचलंत. सुरुवातीची पानं साधी होती: २ वाजता उजवी कूस, ४ वाजता डावी, ताप ९९, अर्धी वाटी पेज घेतली. एके ठिकाणी मी लिहिलं होतं, "आज पप्पा हसले." तिथं तुम्ही जरा थांबलात. पुढे तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या एका पानावर बोट ठेवलंत. तिथून कडेला एक नवा रकाना आखलेला होता. "फोन नाही." "आजही फोन नाही." "पैसे पाठवले नाहीत." मग औषधांची बिलं, डायपरचा खर्च, त्याची अर्धी रक्कम भावाच्या नावावर. शेवटच्या वर्षात तर कूस बदलल्याची वेळ कुठे कुठे राहून गेली होती, पण तो रकाना एक दिवस चुकलेला नव्हता.

"इथं सुरू झालं बघ," तुम्ही म्हणालात.

इतकंच. आवाज चढवला नाहीत. पप्पांच्या जखमेची कड दाबून पाहिलीत तसंच ते बोट होतं. मी तिथं बसून रडलो, आणि तुम्ही मला रडू दिलंत.

नंतर तुम्ही लूकचा पंधरावा अध्याय काढलात. उधळ्या पुत्राचा दाखला मी संडे स्कूलमध्ये स्वतः मुलांना शिकवलाय, नाटुकलंही बसवलंय, डुकरांसकट. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन उधळतो, डुकरं राखायची वेळ येते, तेव्हा घरी परततो आणि बाप मेजवानी देतो. पण माझा दाखला दरवेळी धाकट्याच्या घरी येण्यापाशी संपायचा. तुम्ही मला वडील मुलाचं बोलणं मोठ्यानं वाचायला लावलंत. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, म्हणतो तो. त्याच्याकडेही वहीच होती. तो "माझा भाऊ" म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. बाप उत्तर देताना शब्द बदलतो आणि म्हणतो, "हा तुझा भाऊ." मेजवानी आत चालू आहे, वासरू कापलंय, गाणं-बजावणं ऐकू येतंय, आणि बाहेर अंगणात उभा आहे तो आज्ञा न मोडणारा मुलगा. पुढे तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही. तुम्ही विचारलंत, "तुझ्या प्रार्थनेत त्याला काय म्हणतोस?" मी आठवून पाहिलं. "तो." पाच महिन्यांत एकदाही मी देवासमोर "माझा भाऊ" हा शब्द उच्चारला नव्हता.

तुमच्या आजी दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आल्या आणि तिथंच वाढल्या, हे तुम्ही त्याच दिवशी बोललात. त्यानंतर एका शनिवारी मी दौंडकडची गाडी धरून केडगावला जाऊन आलो. रमाबाईंबद्दल मला शाळेतलं तेवढंच ठाऊक होतं: संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, आणि शेवटच्या वर्षांत साध्या मराठीत पूर्ण बायबलचं भाषांतर. तुम्ही सांगितलेली गोष्ट वेगळी होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता. आणि हे त्यांनी लपवलं नाही, स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं. इतक्या विद्वान, इतक्या झिजलेल्या बाईला हे कबूल करायला काय लागलं असेल, याचा विचार मी परतीच्या गाडीत करत होतो. आपल्या चांगल्या कामांवरचा भरवसा सोडणं हे दारू सोडण्याइतकंच अवघड आहे, असं आता मला वाटतं. दारू सोडणाऱ्याला घरचे निदान पाठिंबा तरी देतात. चांगुलपणाचं व्यसन लागलेल्या माणसाला लोक चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीवर निवडून देतात. पौलानं तीमथ्याला लिहिलंय की नवशिक्याला अध्यक्ष करू नकोस, तो गर्वानं फुगून सैतानाला झालेल्या शिक्षेत सापडेल. मी नवशिका नव्हतो, तीस वर्षं मंडळीत होतो, तरी तिथंच सापडलो.

एक गोष्ट लिहायला हवी. हे पत्र सुरू करताना मी लूकचा अठरावा अध्याय पुन्हा वाचला आणि माझा हात थांबला. तिथं दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात, एक धर्म काटेकोर पाळणारा परूशी आणि एक लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. परूश्याची प्रार्थना आभारानंच सुरू होते. "हे देवा, मी तुझे आभार मानतो," आणि मग इतर माणसांची यादी, आठवड्यातून दोनदा उपवास, दशांश. मीही आता इथं आभार मानतोय, आणि आपल्याला मोठा शत्रू ओळखता आला याचा अभिमान याच कागदावर चढू शकतो. मी हे तुम्हाला बोललोही होतो. तुम्ही म्हणालात, "ही काढून फेकायची गाठ नाही रे. रोजचं ड्रेसिंग आहे." म्हणून हल्ली सकाळी मी जकातदाराची ओळ म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर," आणि त्यापुढे लगेच काही जोडत नाही. जोडायची सवय अजून गेलेली नाही.

आपल्या मंडळीत कुठल्याही घरात कुरबुर झाली की आपण सैतानाला धमकावतो, माईक लावून धमकावतो. त्या प्रार्थनांना मी हसत नाही, मीच त्या सर्वांत मोठ्यानं केल्यात. पण "प्रभू, मीच बरोबर आहे ही माझी खात्री मोड" अशी प्रार्थनाविनंती तीस वर्षांत एकदाही वाचली गेलेली मला आठवत नाही. ती माझ्यापासून सुरू व्हावी म्हणून मी पुढच्या मीटिंगला नाव दिलं आहे.

भावाचं म्हणाल तर सगळं सुरळीत झालेलं नाही. घराचा वाटा आम्ही वकिलाशिवाय ठरवला, त्यात दोघांनाही थोडं गिळावं लागलं. तो मध्ये एकदा पुन्हा प्यायला. त्या रात्री मी दारात उभा राहिलो आणि जुना रकाना डोक्यात आपोआप आखला गेला, तारखेसकट. मग आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं. हे मी केलं म्हणून सांगत नाही, त्या रात्री पाणी आणावंसं मला वाटतच नव्हतं. तुमच्या आवाजातलं "इथं सुरू झालं बघ" ऐकू आलं, म्हणून गेलो. सकाळी त्याला मी विचारलं की पप्पांच्या शेवटच्या दिवसांत तू का आला नाहीस. पहिल्यांदाच, उत्तर ऐकायला विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुझ्या तोंडाला तोंड द्यायची हिंमत नव्हती." पप्पांच्या आजारपणाला नाही, मावशी. माझ्या तोंडाला.

गेल्या रविवारी तो कठड्याशी माझ्या शेजारी टेकला. मी जागचा हललो नाही. त्याचे हात थरथरत होते, भाकर पडू नये म्हणून मी माझा तळवा त्याच्या तळव्याखाली धरला.

वही तुमच्याकडेच आहे. "आज पप्पा हसले" हे पान त्याला बघायचंय. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं येतो. तुमचा गुडघा सुजलाय असं ऐकलं, तेव्हा चहाला उठायचं नाही. तांदूळ निवडायचे राहिले असतील तर तसेच ठेवा.

तुमचा,
घोरपडीच्या फाटकापलीकडचा थोरला