रुपयावरचा ग्रंथ आणि कापसावरचे शुल्क

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ कधी प्रसिद्ध झाले असे विचारले, तर १९२३ हे उत्तर तो तत्काळ देतो. त्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काय मांडले, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही, कारण तो वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत बसत नाही.

ग्रंथ चलनावरचा असला तरी त्यातला मूळ वाद सत्तेशी आहे. किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले, तर रुपयाची क्रयशक्ती घसरते आणि त्याची झळ ठरावीक मिळकतीवर जगणाऱ्यांना सोसावी लागते. म्हणून हा अधिकार प्रशासनाच्या विवेकावर न सोडता त्याला कायद्यानेच निश्चित मर्यादा घालावी, असा त्यांचा आग्रह होता. १९२५ मध्ये भारताच्या चलनव्यवस्थेचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी तो सोडला नाही. त्यांनी सुचवलेली चलनव्यवस्था आज जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर किती सोपवावे, हा प्रश्न काही जुना झालेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क केंद्राने माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत थोड्याच दिवसांत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे परभणी-जालन्याकडे वेचणी सुरू होऊन कापूस बाजारात येतो, नेमका तो काळ तिच्यात आला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले होते, तेव्हा आमच्या लातूर भागात सोयाबीनच्या पेरणीची तयारी चालली होती. अमेरिकेने लादलेल्या शुल्कामुळे वस्त्रोद्योग अडचणीत होता आणि ग्राहकाला तेल स्वस्त हवे असते, हे मला मान्य आहे. आक्षेप रीतीला आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ खाली अशी सूट अधिसूचनेने देता येते. ती संसदेच्या पटलावर ठेवली जाते खरी, पण तोवर बाजाराने तिची दखल घेतलेली असते. हमीभाव पेरणीच्या सुमारास जाहीर होतो आणि शुल्क मात्र पीक शेतात उभे असताना बदलते. यातून जो धोका निर्माण होतो तो एकट्या शेतकऱ्याच्या माथी येतो, व्यापारी आणि गिरणीवाले आपला हिशेब वेळीच बदलू शकतात.

पेरणीपासून हंगाम संपेपर्यंत शुल्क बदलायचे असेल तर आधी संसदेत चर्चा व्हावी, अशी तरतूद खासदारांनी का मागू नये? बाबासाहेबांच्या जयंतीला व्यासपीठावर बसणाऱ्या आमच्या भागातील सर्वपक्षीय लोकप्रतिनिधींना आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न एकदा विचारावा आणि त्यांची उत्तरे नावानिशी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर