निपाणीच्या मित्रास

शहापूर, बेळगाव

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. घरचं, वखारीतलं, पावसाचं सगळं लिहून झाल्यावर अगदी शेवटी तू विचारलंयस, ‘ते मीटिंगचं कुठं असतं? निपाणीत मात्र नको.’ पत्र तू त्या ओळीसाठीच लिहिलंस हे मला कळतं. म्हणून आधी तेच.

निपाणीतच जायला पाहिजे असं काही नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपलं एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेलं, तिथं कुठल्याही गावच्या माणसानं कुठल्याही गावच्या मीटिंगला बसावं. नोंदणी नाही, फी नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शोधताना आपण सीमाभागातली माणसं कर्नाटकातलंच बघत बसतो आणि तिथंच फसतो. तुला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, तेव्हा दोन्हीकडचं बघ. एएच्या हेल्पलाइनवर फोन केलास तर बहुतेक वेळा पलीकडं स्वतः यातून गेलेलाच माणूस असतो. त्याला वार, वेळ, जागा विचार आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड तेही विचार. ओपनला वहिनी किंवा तुझा भाऊ सोबत बसू शकतो, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी. जागा बदलत असतात, म्हणून निघायच्या दिवशी परत एकदा फोन करून खात्री कर.

पण त्याच्याही आधी एक काम आहे आणि ते मी तुला हात जोडून सांगतो. सकाळी घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत असं तू लिहिलंस. अशा माणसानं देवापुढं शपथ घेऊन एका रात्रीत बंद करायचं नसतं. इतकी वर्षं दारूची सवय झालेलं शरीर ती एकदम तोडली की बिथरतं. घाम, थरथर, झोप नाही, कुणाला फिट येते, कुणाला दोन-तीन दिवसांत भास व्हायला लागतात. त्यात जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टरकडं जा, किती पितोस ते खरं सांग. औषधानं हे दिवस नीट निघतात. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं हॉस्पिटल आहे, सरकारी आहे. कुठं जावं सुचलं नाही तर केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा 14446 हा नंबर लाव, पैसे पडत नाहीत. एए म्हणजे दवाखाना नव्हे, तिथं गोळ्या देत नाहीत.

आणि चहात गुपचूप घालायची कसली पावडर मिळते म्हणून कुणी वहिनीला सांगितलं तर घेऊ देऊ नकोस. त्यातल्या काहींवर दारू पोटात गेली की छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. न सांगता देणं म्हणजे जिवाशी खेळ. माळेचं म्हणशील, तर माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिलीत, त्यांना मी मानतो. पण वारीहून परत आल्यावर संध्याकाळी सातला जे होतं, ते कुणाशी तरी बोलायला लागतं. घरच्यांशी ते बोलता येत नाही.

एएची सुरुवातच तशी झाली बघ. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामाला गेला. काम फिसकटलं, हॉटेलातल्या बारमधून आवाज येत होता आणि दारू सोडून जेमतेम पाचच महिने झालेले. तो बारकडं न जाता फोनकडं गेला आणि चर्चची नावं बघून फोन लावत सुटला. बोलायला दुसरा एखादा पिणारा पाहिजे होता. त्यातून बॉब हा सर्जन भेटला. पंधरा मिनिटं बसतो म्हणालेला तो माणूस सहा तासांवर बसला. त्यानं 10 जून 1935 ला शेवटची घेतली. एए तोच दिवस आपला जन्मदिवस धरतं.

आत काय होतं विचारशील, तर फार काही नाही. आमची मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरते, बाकं लहान पोरांची, गुडघे वर येतात. एक जण वाचून दाखवतो, मग ज्याला वाटेल तो बोलतो. कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, एक चाचा दोन्ही मिसळून. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. पूर्ण नाव सांगायचं नाही, इथलं इथंच ठेवायचं. तू नुसता ऐकत बसलास तरी चालतं. पेटी फिरते, नव्यानं काही टाकायचं नसतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चहावाल्यानं माझ्या हातात अर्धाच ग्लास दिला. बाकीच्यांचे भरलेले. त्यानं माझे हात बघितले होते. तो काही बोलला नाही, मी सांडलं नाही, आणि पुढच्या वेळी मी परत गेलो ते बरंचसं त्या अर्ध्या ग्लासामुळं.

वहिनीला सांग, घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळा मेळावा असतो. तू आलास-न आलास तरी तिनं जावं. तिलाही इतकी वर्षं कुणी विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं की मला फोन कर. बेळगावला यायचं असेल तर मध्यवर्ती बस स्टँडवर मी घ्यायला येतो. कोल्हापूर म्हणशील तर मी निपाणीत उतरत नाही, तू हायवेला ये, तिथून एकत्र जाऊ. काकींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
शहापूरचा दोस्त