मोंबासाला निघण्याआधी, बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

परवा तुम्ही माझी बॅग ताणकाट्याला अडकवून बाल्कनीच्या दारात उभ्या होतात, काट्यावर 26 किलो आलं आणि तुम्ही काही न बोलता बॅग खाली ठेवून चेन उघडलीत, तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं. समोर बोलायला गेले की तुम्ही "आभार कसले मानतेस, चहा घे" म्हणून विषय बदलता. शिवाय ऑफिसमधल्या दोघी-तिघी विचारतायत की पहिल्यांदाच परदेशात व्हॉलंटियरिंगला जायचं तर तयारी काय करायची, आणि मला त्यातलं जे काही कळतं ते निम्म्याहून जास्त तुमच्या डायनिंग टेबलवर बसून कळलेलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाई आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झाल्यात. लग्नानंतर काकांच्या नोकरीमुळे चार वर्षं केनियातल्या मोंबासाला होत्या आणि तिथल्या शाळेत शिकवायच्या, हे मला गेल्या गणपतीपर्यंत माहीतच नव्हतं. आरती झाल्यावर प्रसाद वाटताना मी सगळ्यांना सांगत होते की मी केनियाला चाललीये, चार आठवडे, अनाथाश्रमातल्या मुलांसोबत. सगळे वा वा करत होते, तुम्ही तेवढ्या गप्प होतात. दुसऱ्या दिवशी वर बोलावलंत.

"त्या एजन्सीने तुझ्याकडे काय काय मागितलं?" हा तुमचा पहिला प्रश्न. मी म्हटलं पासपोर्टची कॉपी, फोटो आणि पावणेदोन लाख. पोलिसांचा दाखला? नाही. आधी कुठे काम केलंस, तिथल्या कुणाचा नंबर? नाही. मुलांना शिकवलंयस कधी? नाही, पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "अगं, आपल्याकडे पोळ्यांना बाई ठेवायची तर आपण आधार कार्डाची झेरॉक्स घेतो. आणि तिथे एवढी लेकरं तुझ्या स्वाधीन करणार, फक्त तू पैसे भरलेस म्हणून? तुझ्याआधी कोण कोण येऊन गेलं असेल, विचार कर."

मला तेव्हा तुमचा राग आला होता बाई. दोन दिवस मी लिफ्टमध्ये तुम्हाला टाळत होते. पण डोक्यातून ते जाईना म्हणून वाचायला घेतलं आणि वाचत गेले तसं पोटात गोळा येत गेला. अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, चांगल्या शाळेचं आमिष दाखवून मुलांना घरातून आणलं जातं, कारण पैसे भरून येणारे पाहुणे असतात आणि पाहुण्यांसाठी मुलं लागतात. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा या प्रकाराची दखल घेतली. म्हणजे माझ्यासारख्यांच्या चांगल्या हेतूवरच तो सगळा कारभार चालतो. मी रडत वर आले तेव्हा तुम्ही "सांगितलं होतं ना" म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात की महिन्याला एक नवीन ताई येणार, जीव लावणार आणि निघून जाणार, त्या पोराने किती वेळा रडायचं. मी भरलेले वीस हजार परत आले नाहीत, त्याचं वाईट वाटलं, पण गेले ते बरं झालं असंच आता वाटतं.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. "तुला येतं काय?" आवडतं काय नाही, येतं काय. मी म्हटलं हिशेब येतात. नोकरी अकाउंट्सची, आणि चार वर्षं दर शनिवारी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या बचत गटांच्या वह्या लिहायला जाते. हे मी कधी सेवा वगैरे म्हणून धरलंच नव्हतं, तिथल्या ताई बोलावतात म्हणून जाते. तुम्ही खुर्चीतून उठलात आणि म्हणालात, "अगं मग तिकडे चामा असतात की!" चामा म्हणजे हुबेहूब आपला बचत गट, बायका दर आठवड्याला किंवा महिन्याला पैसे जमवतात, गरज असेल तिला कर्ज देतात, वही एकीकडे, पेटी दुसरीकडे. मी तुम्हाला सांगितलं की आता तिकडे एम-पेसा आहे, 2007 पासून मोबाइलवरूनच पैसे फिरतात, तर तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून घेतलंत.

त्यातूनच किलिफीजवळची ती बायकांची छोटी संस्था सापडली, मोंबासाच्या उत्तरेला. तीन महिने, त्यांच्या दोन कर्मचारी बायकांना गटांचे हिशेब कॉम्प्युटरवर घालायला शिकवायचं. फी नाही, राहण्या-जेवणाचा खर्च माझा. दोन वेळा मुलाखत घेतली, पोलिस क्लिअरन्स मागितला, दोन ठिकाणी फोन करून माझी चौकशी केली. आणि शेवटी त्यांनी विचारलं की तुम्ही गेल्यावर हे काम कोण करणार? फोन ठेवून मी धावत जिने चढून वर आले होते, आठवतंय ना?

नंतरची कागदपत्रं सांगायला सोपी आहेत, करायला नाही. पोलिस क्लिअरन्ससाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेले तर माझा पत्ता एका कागदावर जुना आणि एकावर नवा, ते निस्तरण्यात तीन आठवडे गेले, तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी हे सगळ्यात आधी करा. बिनपगारी असलं तरी काम ते काम, टुरिस्ट म्हणून शिरून करायचं नाही, हे तुम्ही बजावलंत म्हणून परवान्याचं मी संस्थेला सुरुवातीलाच विचारलं आणि त्यांनी त्यांच्या बाजूने अर्ज केला. यलो फीवरची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती एकदा फोडली की सहा तासांत संपवावी लागते म्हणून ठरावीक दिवशी माणसं जमवून देतात, हे जीवशास्त्राच्या बाईंनी मला जाता जाता रिक्षात समजावलं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं, पण नसेल तर केनियाहून परत येताना आपल्याच विमानतळावर अडकून सहा दिवस क्वारंटाइनमध्ये राहावं लागू शकतं. किनाऱ्याला मलेरिया आहे, त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू केल्यात.

पण मला सगळ्यात जास्त जपून ठेवायचीये ती तुमची वही. दोनशे पानी, लाल समास आखलेला, डावीकडे देवनागरीत तिकडची स्वाहिली भाषा आणि उजवीकडे मराठी. दुका म्हणजे दुकान, रंगी म्हणजे रंग, साबुनी म्हणजे साबण, दावा म्हणजे औषध, एम्बे म्हणजे आंबा, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा. आणि तयारी म्हणजे तयार! मी दर पानाला ओरडत होते. तेव्हा तुम्ही चष्मा काढून म्हणालात की आपले शब्द तिकडे गेले म्हणून मिरवत बसू नकोस, त्यातले कितीतरी अरबीतून दोघांकडे आलेत, समुद्र एकच आहे. आणि जे इथून गेले ते कुणाबरोबर गेले तेही लक्षात ठेव, मोंबासाहून आत जाणारी रेल्वे 1896 ते 1901 मध्ये बांधली ती इथून नेलेल्या हजारो मजुरांनी, त्यातले कितीतरी परत आले नाहीत. आता त्या मार्गावर 2017 पासून नवीन गाडी आहे, मी नैरोबीहून तिनेच जाणार आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खिडकीची सीट घेतलीये, वाटेतल्या त्सावोच्या अभयारण्यातले लाल मातीने माखलेले हत्ती दिसले की लगेच फोटो पाठवते.

बाबांशी तुम्ही काय बोललात ते मला अजून माहीत नाही. एवढंच माहितीये की तुम्ही अर्धा तास खाली आमच्याकडे बसलात आणि संध्याकाळी बाबांनी स्वतःहून विचारलं की तिकडची वेळ आपल्या किती मागे आहे. अडीच तास. आता हॉलमध्ये दोन घड्याळं आहेत.

आणि बॅग. तुम्ही तीन जीन्स काढल्यात, मी वाटायला घेतलेली चॉकलेटं आणि पेनं काढलीत ("तू वाटायला चाललेली नाहीस"), तळाशी घातलेल्या सगळ्या कॅरीबॅग काढल्यात कारण केनियात 2017 पासून त्यावर कडक बंदी आहे. मग आतल्या खोलीतून सहा कापडी पिशव्या आणल्यात, जुन्या हिरव्या इरकलीच्या, काठ बरोबर तोंडाशी येईल अशा शिवलेल्या, प्रत्येकीला नाडी. एकीत मेतकूट, एकीत औषधं, एकीत तीन चौकोनी पिनांचा प्लग, बाकीच्या रिकाम्या, बाजाराला. ती इरकल तुम्ही मोंबासाला जाताना नेसला होतात हे मला तुम्ही नाही, काकांनी सांगितलं. बॅग परत काट्याला लावली तेव्हा 19 आलं होतं.

शुक्रवारी रात्री मुंबईहून विमान आहे. त्याआधी सकाळी बरोबर एक वाजता मी वर येते, म्हणजे तुमच्या वहीतल्या मोंबासाच्या वेळेने एक, सूर्य उगवल्यापासून मोजलेला, आपले सात. तिकडे मोठ्यांना शिकामू म्हणतात आणि मूळ अर्थ तुमचे पाय धरते असा सांगतात, हे तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलंय. मी वाकले की तुम्ही मरहबा म्हणा.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची