डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे ते बघा

संपादक महोदय, नमस्कार.

सरकारी ऑफिसं पेपरलेस होणार, फाईल आता लॉगिनवरून फिरणार, अशा बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतात. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण मी अव्वल कारकून म्हणून रिटायर झालोय आणि आमच्याकडे ई-ऑफिस आलं तेव्हा खुर्चीतच होतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे झालं असं की एका शुक्रवारी पन्नासेक लोकांना हॉलमध्ये बसवून ट्रेनिंग दिलं, प्रोजेक्टर एक, मागच्या रांगेला काही दिसेना, कॉम्प्युटरवरच्या फाईलीत हिरवी नोट (म्हणजे शेरा) पक्की आणि पिवळी कच्ची एवढंच डोक्यात राहिलं आणि जेवणानंतर निम्मी मंडळी गायब. सोमवारपासून सुरू करा म्हणून आदेश. स्कॅनर दोन. जुन्या फाईली किती स्कॅन करायच्या, कुठल्या सोडायच्या, कागदाची फाईल नक्की कुठल्या तारखेला बंद, यातलं एकही त्या आदेशात नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. फाईल कॉम्प्युटरवर चढवायची, साहेब म्हणणार "प्रिंट काढून आणा, वाचायला बरं पडतं", प्रिंटवर सही झाली की ती परत स्कॅन करून वर टाकायची. म्हणजे एका कामाची तीन कामं झाली आणि रिपोर्टात मात्र ई-फाईलींचा आकडा मस्त वाढत गेला.

आणि खरी गंमत पुढे आहे. आमच्यातल्या वय झालेल्या लोकांना एका बोटाने टायपिंग, पोरांसमोर विचारायची लाज, मग सगळ्यांनी आपापला पासवर्ड कंत्राटी ऑपरेटरला देऊन टाकला. डिजिटल सहीची डोंगलं (सही करायला कॉम्प्युटरला लावायची पेनड्राइव्हसारखी वस्तू) पण त्याच्याच ड्रॉवरमध्ये, रबर बँड लावून, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी! पाच अधिकाऱ्यांच्या सह्या एक पंचविशीतला पोरगा करत होता, बिचारा प्रामाणिक म्हणून निभावलं. यात लोकांचा आळस नव्हता हो, भीती होती, आणि त्या भीतीचं काय करायचं हे कुणाच्या प्लॅनमध्येच नव्हतं.

असं नाही की महाराष्ट्राला हे जमत नाही. 80 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी जे केलं त्याला आम्ही अजून लखिना पॅटर्न म्हणतो. त्यांनी नवीन मशीन आणून ठेवलं नव्हतं, रेकॉर्डची छाननी, बसायची मांडणी, कामाची वाटणी, लोकांसाठी एक खिडकी आणि कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग हे सगळं एकत्र हातात घेतलं होतं. रेकॉर्डची अ, ब, क, ड वर्गवारी, अ म्हणजे कायम जपायचं आणि ड म्हणजे वर्षभराने नष्ट, हे पाठ असलेला माणूस स्कॅनिंगला बसवला असता तर आमचा निम्मा कचरा स्कॅनच झाला नसता. सहा गठ्ठा पद्धत तर प्रत्येक कारकुनाला माहीत असते, चालू प्रकरणं वेगळी, उत्तराची वाट बघणारी वेगळी, रेकॉर्ड रूमला जाणारी वेगळी. आधी गठ्ठे लावा आणि मग स्कॅनरला हात लावा, इतकं सोपं होतं ते, पण कारकुनाला विचारतो कोण.

2025 मध्ये राज्य सरकारने ऑफिसं सुधारायचा 100 दिवसांचा कार्यक्रम घेतला, वेबसाईट, स्वच्छता असे सात मुद्दे, ठरलेली मुदत आणि मूल्यमापन बाहेरच्या क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडून, नंतर 150 दिवसांचा ई-गव्हर्नन्सचा. मुदत आणि बाहेरचा परीक्षक हे मला मनापासून आवडलं, आमच्या वेळी आम्हीच आम्हाला मार्क द्यायचो. पण वेबसाईट आणि स्वच्छता बाहेरून दिसते, टेबलावरची सवय बदलली का ते दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच की असा बदल आणायचा तर आदेशाबरोबर एक कागद जोडा. कुठली एक शाखा आधी, तिथे महिनाभर काय अडलं, अडलं तर फोन कुणाला करायचा (हेल्पलाईन नको, नाव आणि टेबल पाहिजे), वय झालेल्यांना शेजारी बसून कोण शिकवणार, आणि कागद कुठल्या तारखेला बंद. ती तारीख साहेबांनाही लागू, प्रिंट मागायची नाही. पहिल्या शाखेचं जमलं की मगच दुसरी.

आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती, डॅशबोर्ड नंतर बघा, आधी ऑपरेटरचा ड्रॉवर उघडायला सांगा.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून